पुण्यातल्या शनिवार-रविवारच्या सायकल ग्रुप राइड्स, सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला की मेसेज सुरू होतात, आणि दरवर्षी प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकच उत्तर दोनदा दिलेलं नाही, दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पहिल्यांदा येत असाल तर १ ते ५, ९ आणि १५ हे प्रश्न तरी नक्की वाचून या.

१. राइड किती वाजता, कुठून सुटते आणि घरी किती वाजेपर्यंत येतो?

पावणेसहाला जमायचं, सहाला निघायचं. मुळशी, पानशेत, सिंहगड या बाजूच्या राइड्स नळ स्टॉपवरून सुटतात. दिवे, बोपदेव, कात्रज या बाजूच्या स्वारगेटवरून. शनिवारी ३० ते ४० किमी असतात, साडेआठपर्यंत घरी. रविवारी ६० ते ८० किमी, नाश्त्यासह साडेदहा-अकरा. सहा म्हणजे सहाच. उशीर झाला तर पाठलाग करत येऊ नका. अंधारात, थंड स्नायूंनी, एकट्याने जोर मारणं हा दिवसाची सुरुवात करण्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे. पुढच्या थांब्याचं ठिकाण ग्रुपवर टाकलेलं असतं, तिथे गाठा.

२. मी आजवर सोसायटीच्या आसपासच सायकल चालवली आहे. येऊ का?

या, पण शनिवारच्या राइडला. त्याआधी एकदा एकट्याने २० किमी न थांबता चालवून पाहा. वेग कितीही असो, दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला म्हणजे झालं. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी खडकवासला धरणापर्यंत जाऊन परत हा रस्ता ठेवतो. मोठा चढ नाही, वाटेत चहा-पाण्याची सोय आहे आणि कुठूनही परत फिरता येतं.

३. माझी सायकल गिअरवाली नाही / जुनी एमटीबी (माउंटन बाइक) आहे. चालेल?

चालेल. बिनगिअरची सायकल शनिवारच्या सपाट रस्त्याला उत्तम. घाट असलेल्या रविवारी मात्र आणू नका. चढ तुम्ही उभं राहून कसाबसा काढाल, पण उतारावर तिचे ब्रेक पुरत नाहीत. एमटीबी असेल तर जाड गुठळ्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर बसवा, हजार-दीड हजारात काम होतं आणि तेवढ्याच मेहनतीत वेग लक्षात येण्याइतका वाढतो. पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर डांबरी रस्त्यावर लॉक ठेवा. ई-सायकलसाठी प्रश्न १९ पाहा.

४. गट कसे ठरतात? मी मागे पडलो तर मला सोडून जाणार का?

तीन गट असतात. सपाट रस्त्यावर ताशी १६ ते २० किमी, २० ते २४ आणि त्यापुढचे. कोणत्या गटात जायचं ते तुम्ही ठरवायचं, पण शंका असेल तर खालचा निवडा. पहिल्या दोन गटांत कुणालाही सोडून जात नाही. पुढे एक लीड असतो, सगळ्यांत मागे स्वीप, आणि स्वीपच्या मागे कुणीच नसतं. चौक, घाटमाथा आणि रस्ता फुटतो ती प्रत्येक जागा इथे सगळे जमेपर्यंत लीड थांबतो. शेवटचा माणूस पोचला की लगेच निघत नाही, त्यालाही पाच मिनिटं मिळतात. विश्रांतीची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते, आणि नेमकी त्याचीच विश्रांती बुडते, म्हणून हा नियम आम्ही कसोशीने पाळतो. तिसऱ्या वेगवान गटाने मात्र आपापलं सांभाळायचं. रस्ता मोबाइलमध्ये आणि पंक्चरचं सामान खिशात असेल तरच त्या गटात जा.

५. सोबत काय काय असायलाच हवं?

हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, आपल्या टायरच्या मापाची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून सोडवायच्या पट्ट्या), पंप, मल्टिटूल (घडीचा पान्यांचा संच), ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, मोबाइल, दोनशे रुपये सुट्टे, आणि एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर. मोबाइल लॉक असतो, चिठ्ठी नसते.

दिवा कशाला, असं बरेच जण विचारतात. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, नोव्हेंबरच्या मध्याला पावणेसातच्या आसपास. म्हणजे सहाला निघालात तर पहिला अर्धा-पाऊण तास अंधार-संधिप्रकाशातच जातो. नोव्हेंबरात मुळशीच्या बाजूला धुकंही असतं. मागचा दिवा दिवसभर चालू ठेवा. ग्रुपमध्ये असताना तो सतत लागलेला असू द्या. लुकलुकणारा दिवा मागच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत खुपतो, तो फक्त शेवटच्या दोघांनी लावायचा.

६. हेल्मेट कसं बसलं पाहिजे?

पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. दोन्ही पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात मिळायला हवेत, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच जागा. पट्टा न लावता डोकं हलवा. हेल्मेट घरंगळलं तर मागची चकती आवळा. एकदा पडून डोकं आपटलं असेल तर बाहेरून चांगलं दिसलं तरी ते बदला, आतला थर्माकोल दबलेला असतो आणि तो दुसऱ्यांदा दबत नाही.

७. सायकल जूनपासून बाल्कनीत उभी आहे. राइडला आणण्याआधी काय पाहू?

शुक्रवारी रात्री नाही, आठवडाभर आधी पाहा, कारण दसरा-दिवाळीच्या तोंडावर दुकानांत रांग असते. क्रम असा ठेवा.

टायर आधी. हवा भरून एक रात्र ठेवा. सकाळी बोटाने सहज दबला तर ट्यूब गेली किंवा वॉल्व्ह गळतोय. टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या तर घाटात नेऊ नका. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) सुकून त्याची साय झालेली असते; चाक कानाजवळ धरून हलवा, डचमळण्याचा आवाज आला नाही तर नवीन भरा.

मग ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. रिम ब्रेकचे पॅड काढून पाहा. पावसाळ्यातली वाळू आणि रिमचे चमकदार कण त्यात रुतून बसलेले असतात आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडत असतात. टोकदार सुईने कण काढा, पॅड सँडपेपरवर घासा, त्यातली खाच दिसेनाशी झाली असेल तर बदला. डिस्क ब्रेक असतील तर पॅडचा मसाला एक मिलिमीटरपेक्षा कमी नको. रोटरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, तेलकट हात लावू नका आणि चेनचं तेल चुकूनही त्यावर उडू देऊ नका. पॅडने तेल प्यायलं की ते सहसा बदलावेच लागतात.

चेन तांबूस झाली असेल तर आधी स्वच्छ करा, मग तेल. वरवर फवारलेलं तेल धूळ पकडण्यापलीकडे काही करत नाही. चेनच्या प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, पॅडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको. पावसाळ्याचं चिकट तेल ऑक्टोबरच्या मध्यानंतर बंद करा. कोरडी धूळ सुरू झाली की त्या तेलाची काळी लेप होते आणि गिअरचे दाते झिजतात.

शेवटी सीटची दांडी. चार महिने पाणी झिरपून ती फ्रेममध्ये जाम होते. खूण करून बाहेर काढा, पुसा, पातळ ग्रीस लावून परत त्याच खुणेवर बसवा. फ्रेम किंवा दांडी कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बनची वेगळी पेस्ट मिळते.

पॅडलवर जोर दिला की खालून कट-कट आवाज येतो, ही तक्रार या दिवसांत नेहमीची आहे. सगळे जण बॉटम ब्रॅकेटला (पॅडलचा दांडा फिरतो त्या फ्रेममधल्या बेअरिंगला) दोष देतात. आधी पॅडल काढून आट्यांना ग्रीस लावून आवळून पाहा, आवाज बऱ्याचदा तिथेच थांबतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका.

८. टायरमध्ये हवा किती ठेवू?

टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नाही. ६५ ते ७५ किलोच्या माणसासाठी आमचा अंदाज असा: २५ मिमी टायरला ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं), २८ ला ७०, ३२ ला ५८ ते ६०, हायब्रिडच्या ३८-४० ला ४५, एमटीबीच्या २.१ इंचाला ३०. मागच्या चाकात तीन-चार जास्त. दर दहा किलो वजनामागे पाच वाढवा किंवा कमी करा. रस्ता ओला असेल तर पाच कमी. टायर दगडासारखा कडक असला की पावसाळ्यानंतरच्या उखडलेल्या डांबरावर तो पकडण्याऐवजी उड्या मारतो. फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते.

पेट्रोल पंपावरची हवा जाड वॉल्व्हला, म्हणजे मोटरसायकलसारख्या श्रेडरला, भरता येते. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर लागतो. तो घेऊन वॉल्व्हवरच लावून ठेवा, खिशात ठेवलेला हरवतो.

९. पावसाळ्यात एकही पंक्चर नव्हतं, ऑक्टोबरात तीन झाले. टायर खराब आहे का?

टायर बहुधा ठीक आहे, रस्ता बदलला आहे. या दोन महिन्यांत पंक्चर वाढण्याची ठळक कारणं तीन.

एक, सराटा. पावसात रस्त्याच्या कडेला पसरलेली ही जमिनीलगतची वेल पाऊस संपला की सुकते आणि तिची फळं टणक होऊन सुटी होतात. हरभऱ्याएवढं फळ, त्याला ताठ काटे, आणि ते कसंही पडलं तरी एखादा काटा वर असतोच. सासवड, जेजुरी, यवत या कोरड्या पट्ट्यात ते मुबलक आहे. चहासाठी सायकल कडेच्या मातीत ढकलत नेता, तिथेच ते लागतं. सायकल उचलून न्या, डांबरावरून उतरवूच नका.

दोन, बाभूळ आणि वेडी बाभूळ. पावसाळ्यानंतर रस्त्यालगतची वाढलेली झुडपं छाटतात. फांद्या उचलल्या जातात, काटे राहतात. ताजी छाटणी दिसली की कडा सोडून रस्त्याच्या थोडं आत या, अर्थात मागची वाहनं पाहून.

तीन, काच. गणेश विसर्जनापासून दिवाळीपर्यंत शहरातल्या रस्त्यांवर ती वाढते. फटाक्यांच्या कागदाच्या ढिगाऱ्यातून सायकल नेऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही.

ट्यूब काढल्यावर भोक कुठे आहे ते बघा, कारण तिथेच कळतं. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी असताना खड्डा बसला. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं तोंड टोचतंय. पट्टी नीट केल्याशिवाय कितीही ट्यूब बदलल्या तरी जातील.

१०. रस्त्यात ट्यूब बदलली आणि दोन किमीवर पुन्हा हवा गेली. काय चुकलं?

काटा टायरमध्येच राहिला होता. सराट्याचा काटा बाहेरून दिसत नाही, रबराच्या पातळीवर तुटतो आणि आतल्या बाजूने अर्धा मिलिमीटर डोकावतो. बोट फिरवलं तर बोटालाच टोचतं किंवा कळतच नाही. कापसाचा बोळा किंवा हातमोज्याचं कापड टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे काटा. तो बाहेरून ढकलून आत काढा, चिमटा नसेल तर मल्टिटूलच्या टोकाने.

मग नव्या ट्यूबमध्ये तिचा आकार येण्यापुरतीच हवा भरून ती बसवा, टायर वॉल्व्हच्या विरुद्ध टोकापासून सुरू करून वॉल्व्हपाशी संपवा, शेवटचा भाग लिव्हरऐवजी अंगठ्यांनी चढवा. लिव्हरने ट्यूब चिमटून नवीनच पंक्चर होणं सर्रास घडतं. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर दाबून पाहा, ट्यूब कुठे डोकावत नाही ना. हे सगळं रस्त्यापासून दूर, रहदारीकडे तोंड करून करायचं.

११. पहाटे कुडकुडतो आणि नऊ वाजता भाजतो. कपडे काय घालू?

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जादा कपड्यांची गरज नाही. नोव्हेंबरात पुण्यात पहाटे १२ ते १५ अंश असतं, आणि धरणांच्या काठी, पानशेत-मुळशीकडे, त्याहून गार वाटतं. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही तर जास्त घातलंय. आत घाम शोषणारा टी-शर्ट किंवा जर्सी, वर पातळ विंडचीटर जो घडी करून मागच्या खिशात बसतो. स्वेटर नको, घामाने भिजतो आणि उतारावर बर्फ होतो. हातांवर सुट्या बाह्या घालणं सगळ्यांत सोयीचं. सकाळी ऊब, नंतर ऊन अडवायला त्याच, नको तेव्हा मनगटापर्यंत खाली. घाटमाथ्यावर पोचल्यावर विंडचीटर चढवा आणि मग उतरा, हा क्रम चुकवू नका.

१२. ऑक्टोबर हीटमध्ये पाणी किती पिऊ?

सकाळी आठपर्यंत तासाला अर्धा लिटर, त्यानंतर पाऊण. तहान लागायची वाट पाहू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट. पावसाळ्यात हवेत ओल असते, ढग असतात. ऑक्टोबरात आकाश मोकळं होतं आणि दुपारचा पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो, पण जमिनीतला ओलावा अजून हवेत असतो, म्हणून घाम वाळत नाही. नुसतं पाणी पीत राहिलं तर दोन तासांनंतर डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच विरघळवायचं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं तर पोट बिघडतं. लिंबू-मीठ-साखर घातलेलं सरबत चालतं, उसाचा रस राइड संपल्यावर.

चक्कर, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं यांतलं काहीही जाणवलं तर त्याच क्षणी उतरा, सावलीत बसा, मानेवर पाणी ओता आणि स्वीपला सांगा. बोलण्यात गोंधळ दिसला तर ती वैद्यकीय तातडी आहे, प्रश्न २० पाहा.

१३. निघताना काय खाऊ? आणि मिसळ कधी?

निघण्याआधी अर्धा तास केळं किंवा दोन-तीन खजूर, सोबत चहा-कॉफी. शनिवारच्या राइडला एवढं पुरतं. रविवारी पहिल्या तासानंतर दर तासाला एक केळं आणि चिक्कीचा एखादा तुकडा एवढं पोटात गेलं पाहिजे. भूक लागली हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पाय एकदम जड होतात, चिडचिड होते.

थांब्यावर पोहे, उपमा, इडली घ्या. मिसळ आणि वडापाव यांच्याविरुद्ध आमचं काही नाही, पण परतीचे तीस-चाळीस किमी बाकी असताना तेलाची तर्री पोटात नको. राइड शहरात संपली की खुशाल खा.

१४. परतीच्या पावसाचा अंदाज आहे. राइड रद्द होते का, केव्हा कळतं?

शनिवारी रात्री नऊला आणि रविवारी पहाटे पाचला ग्रुपवर कळवतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर रद्द. नुसता पाऊस असेल तर घाट वगळून छोटा रस्ता घेतो.

खरी भीती पावसाची नाही, विजेची आहे. मान्सून पुण्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो, आणि त्याच्या आगेमागे दुपारनंतर ढग उभे राहून गडगडाटी पाऊस येतो. बहुतेक वेळा तो दुपारी तीननंतरचा असतो. लांब राइडचा परतीचा वेळ आम्ही दुपारी एकच्या आत ठेवतो, तो यासाठीच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद चारचाकीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या टपरीत, धरणाच्या भिंतीवर थांबायचं नाही. घाटमाथ्यावर असाल तर आधी खाली उतरा.

१५. ग्रुपमध्ये चालवायचे नियम कोणते?

सरळ रेषेत चालवा आणि अचानक काही करू नका. बाकी सगळं यातून येतं.

पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने ओलांडू देऊ नका. तो अर्धा फूट सरकला की तुम्ही पडता, तो नाही. नवखे असाल तर पुढच्यापासून दोन सायकलींचं अंतर ठेवा. राज्य महामार्गावर आणि घाटात एकामागे एक, जोडीने फक्त रिकाम्या आतल्या रस्त्यांवर. सहा-आठ जणांच्या तुकड्या करा आणि मध्ये मोकळी जागा सोडा, म्हणजे गाड्यांना टप्प्याटप्प्याने पुढे जाता येतं. वीस जणांची सलग रांग ओलांडताना गाडीवाला मध्येच आत घुसतो.

खड्डा दिसला की त्या बाजूचा हात खाली करून दाखवा आणि ‘खड्डा’ म्हणून ओरडा. वेग कमी करताना तळहात मागे. मागून वाहन आलं की शेवटचा ‘गाडी’ म्हणतो आणि तो आवाज पुढे पोचवायचा. दोन्ही हात ब्रेकवर हवे असतील तर हात सोडू नका, तोंडाने सांगा. रंग उडालेले गतिरोधक हा पुण्याभोवतीच्या गावांतला खास धोका आहे. पहिली घरं, शाळा किंवा देऊळ दिसलं की गतिरोधक आहेच असं धरून चाला.

थांबताना सगळी सायकल आणि सगळा माणूस डांबराच्या बाहेर. फोटो काढायला पांढऱ्या पट्टीवर उभं राहणं हे आम्ही लगेच टोकतो, राग मानू नका.

१६. घाट उतरताना भीती वाटते. काय करू?

भीती वाटते ते बरं आहे. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या बाजूला पाण्याने वाहून आणलेली बारीक खडी साचलेली असते. ताम्हिणी, टेमघरच्या सावलीतल्या रस्त्यांवर ऑक्टोबरातही कडेला शेवाळ टिकून असतं. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा थोडा जास्त, पण हळूहळू दाबत. खडीवर असाल तर पुढचा सोडा. हात हँडलच्या खालच्या वाकावर, बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन, नजर पुढच्या चाकावर नाही, वळण जिथे संपतं तिथे.

सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो. रिम ब्रेकवर रिम इतकी गरम होते की ट्यूब जाऊ शकते. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढच्यापासून सहा सायकलींचं अंतर, उतारावर ओव्हरटेक पूर्ण बंद. उतरायची शर्यत आमच्याकडे नसते.

१७. कोणते रस्ते तुम्ही घेत नाही आणि का?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सायकलला मनाई आहे. कात्रज-देहूरोड बायपासही घेत नाही. नवले पुलाच्या उतारावर अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन अपघात होत आले आहेत, तिथे कडेची जागा नसल्यासारखीच आहे. साताऱ्याकडे जायचं असेल तर जुना कात्रज घाट आणि जुना बोगदा. बोगद्यात शिरण्याआधी दोन्ही दिवे चालू आणि गॉगल डोळ्यांवरून काढलेला.

काही रस्ते ठराविक दिवशी टाळतो. दसरा आणि सोमवती अमावास्येला जेजुरीला मोठी गर्दी असते, त्या दिवशी दिवे-सासवड नाही. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा असते. त्याआधीचे काही दिवस दिवे घाटातून आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून दिंड्या पायी येत असतात. गाठ पडली तर घंटी वाजवत रांगेत घुसायचं नाही, उतरून चालायचं किंवा थांबायचं. नवरात्रात पहाटे अंधारात ज्योत घेऊन धावणारी मुलं आणि मागे त्यांचा टेम्पो भेटतो, त्यांना पूर्ण रस्ता द्या.

खडकवासल्याचा रस्ता रविवारी साडेनऊनंतर गाड्यांनी भरतो. पानशेत किंवा सिंहगडाहून परतताना तो भाग त्याआधी ओलांडण्याच्या हिशेबानेच सहाची वेळ ठेवली आहे.

१८. ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि रस्त्यावर वाळत घातलेलं धान्य, यांचं काय करायचं?

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की नीरा, दौंड, बारामतीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिसतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे आलेला असतो, मागे दिवा बहुतेक नसतो, आणि चालकाला गाण्याच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येत नाही. चढावर त्याच्या मागे राहू नका, ट्रॉली मागे सरकू शकते. ओलांडायचं तर सपाट, सरळ रस्त्यावर, पूर्ण पलीकडून आणि एकेकाने. पडलेल्या उसाच्या कांड्यावरून चाक गेलं तर ते गोल फिरतं. तिरकं नाही, काटकोनात जा.

मुळशी, मावळ, पानशेतच्या बाजूला ऑक्टोबर अखेरीपासून भात कापणी असते. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं असतं, काही ठिकाणी पेंढा. त्यावरून जाऊ नका. ते कुणाचं तरी वर्षभराचं धान्य आहे, आणि दाण्यांवर टायरला पकड नसते. पेंढा मागच्या डेरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) गुंडाळला तर पॅडल मारणं तत्काळ थांबवा. जोर दिला तर डेरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, वाकतो. चाक फिरवून हाताने एकेक काडी काढा.

१९. मुलांना आणता येतं का? ई-सायकल चालते का?

१८ वर्षांखालील मुलं आई-वडिलांपैकी कुणीतरी सोबत चालवत असेल तरच, आणि फक्त शनिवारी. गाडीतून मागे येणं धरत नाही.

ई-सायकल पॅडल मारल्यावरच मदत करणारी, २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किमीला मोटर बंद होणारी असेल तर चालेल. चढावर लीडच्या पुढे जायचं नाही, तिच्यामागे लागून बाकीचे दमतात. बॅटरी संपल्यावर २२-२५ किलोची सायकल पायांवर घरी आणता आली पाहिजे, ते आधी करून पाहा.

२०. कुणी पडलं तर बाकीच्यांनी काय करायचं?

सगळ्यांनी त्याच्याभोवती गोळा व्हायचं नाही. दोघे जण मागे पन्नास मीटरवर जाऊन रहदारी थांबवतात, लाल दिवे हातात. एक जण जखमीशी बोलतो, एक जण १०८ किंवा ११२ ला फोन करतो. जागा सांगताना गाव, किलोमीटरचा दगड आणि जवळचं हॉटेल किंवा देऊळ सांगा, फक्त लोकेशन पाठवून भागत नाही. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, तर वाहनाचा धोका नसेल तोवर हलवायचं नाही. हेल्मेटही काढायचं नाही.

उठून ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यालाही दहा मिनिटं बसवा. आज वार कोणता, कुठून निघालो, हे विचारा. उत्तर अडखळलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसलं तर सायकलवर बसू द्यायचं नाही, दवाखाना. सायकलचा हँगर, हँडलचा सरळपणा आणि ब्रेक पाहिल्याशिवाय ती सायकलही पुढे न्यायची नाही.

अनोळखी जखमीला मदत करताना पोलिसांच्या चौकशीची धास्ती नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

२१. मध्येच परत फिरायचं असेल तर?

स्वीपला सांगून फिरा, न सांगता नाही. पाऊण तास तुम्हाला शोधण्यात जातो. दमल्यामुळे फिरत असाल तर एक जण सोबत येतो, त्यात संकोच नको. सायकल बिघडली असेल तर जवळच्या मोठ्या गावातून छोटा हत्ती मिळतो. पौड, पिरंगुट, सासवड, खेड शिवापूर इथे सकाळी सातनंतर सहसा अडचण येत नाही. भाडं आधी ठरवा, सायकल चेनची बाजू वर ठेवून आडवी झोपवा.

२२. गुडघा दुखतो. सराव वाढवू की थांबवू?

पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअरवर चालवताय. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट फार वर आहे. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली आणा, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. तिथून एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि दोन राइड पाहा. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या होतील असा हलका गिअर ठेवा. सूज असेल किंवा जिना चढतानाही दुखत असेल तर सायकल बंद आणि डॉक्टर.

२३. सिंहगड सायकलने कधी जमेल?

सलग तीन-चार रविवार ६० किमी आरामात झाले आणि एकदा दिवे घाट, एकदा बोपदेव न उतरता काढला की. दिवे लांब पण सौम्य आहे, बोपदेव छोटा आणि उभा, म्हणून हाच क्रम. सिंहगडाचा शेवटचा चढ गोळेवाडीच्या बाजूने साधारण आठ-नऊ किमी आणि साडेपाचशे-सहाशे मीटरचा आहे. पहिल्या दोन किमीत जोर केला की वरच्या उभ्या वळणांवर ढकलत न्यावी लागते. बोलता येईल इतक्याच दमाने सुरुवात करा. मागे ३२ किंवा ३४ दात्यांचं चक्र असेल तर गुडघे वाचतात. मुसळधार पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत जात नाही, दरडीचे दगड रस्त्यावर येतात. आठच्या आत वर पोचून उतरायला लागा, नंतर गाड्यांची रांग लागते आणि अरुंद वळणांवर उतरणं धोक्याचं होतं.

२४. या राइड्स करून २०० किमीची बीआरएम (ठराविक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) जमेल का?

जमते, मुदत साडेतेरा तासांची असते, म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी १५ किमीला थोडं कमी. वेगापेक्षा थांब्यांत वेळ जातो. आधी एकदा १०० आणि एकदा १२० ते १४० किमी करा, दोन्ही वेळा स्वतःचं पंक्चर स्वतः काढून. दिवाळीनंतरचे रविवार त्यासाठी चांगले, दिवस लहान असतो पण ऊन सौम्य असतं. मध्यम गटातले आठ-दहा जण दरवर्षी याच तयारीत असतात, नाव नोंदवायचं असेल तर शनिवारच्या राइडला लीडला सांगा.